सत्याहत्तर नंबरची डबी

सलिलचा तिसरा फोन आला तेव्हा मी त्याला सरळ झापलं. "अरे, मी काय पिठाची गिरणी आहे का, दळण टाकलं की लेख बाहेर?" तो हसला. या मुलाला राग म्हणून येत नाही, बापावर गेलाय. "चित्रामावशी, फक्त हजार शब्द. बाबा माणूस म्हणून कसे होते. तुझ्याइतकं ते कोण सांगणार?"

बाबा म्हणजे डॉ. सुधीर देवरूखकर, माझे सर. गरोदर बाईला रोज लोहाची गोळी पोचवणं जमत नसेल तर आठवड्याला एक द्या, ती नीट पोचली तरी रक्त वाढतं, हे त्यांनी बाळकुमात सिद्ध करून दाखवलं. चाळीस वर्षं झाली. तेव्हाचं बाळकुम म्हणजे शेतं, चिखल आणि कौलारू घरं, आजचे टॉवर नव्हेत. तो अभ्यास पुढे कुठल्या कुठल्या देशांत वापरला गेला आणि त्याने पुष्कळ बायका वाचल्या. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल की म्हातारीच्या मनात सरांविषयी आकस आहे. आकस कसला, कपाळ माझं! बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि त्यांच्या एका 'शाब्बास'साठी जीव टाकत होते.

यंदा त्यांची जन्मशताब्दी. माजिवड्याला ट्रस्टचं नवं सभागृह, दारात सरांचा अर्धपुतळा, आणि एक जाडजूड स्मृतिग्रंथ. सलिल ट्रस्टचा प्रमुख. माझ्याकडून लेखही हवा आणि समारंभात भाषणही. मी कुरकुर करत हो म्हटलं, कारण खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. एकोणसत्तराव्या वर्षी कोण बोलावतंय आपल्याला स्टेजवर?

त्याच आठवड्यात एका दुपारी डोंबिवलीच्या माझ्या घराची बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, खांद्याला पर्स, जिने चढून दमलेली. "चित्रा मॅडम ना? मी वैशाली. रमाबाई ओव्हाळची मुलगी."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि उगाचच पडदे सारखे करत बसले. रमाबाई म्हणजे बाळकुमातला आमचा हात आणि पाय. पंचवीसची होती तेव्हा. दर बुधवारी खांद्याला पिशवी लावून घरोघर जायची. पिशवीत नंबर टाकलेल्या पत्र्याच्या डब्या, प्रत्येक बाईची वेगळी. बाईने गोळी समोर गिळायची, वर तांब्याभर पाणी, मग रमाबाई वहीत बरोबरची खूण करायची. असल्या एकशे अठ्ठावीस बायका. ती नसती तर सरांचा अभ्यास कागदावरच राहिला असता.

वैशाली विठ्ठलवाडीला मेडिकल स्टोअर चालवते. ती आडवळणाने बोललीच नाही. "मॅडम, आईच्या किडन्या गेल्यात. आठवड्याला तीनदा डायलिसिस. गेल्या महिन्यापासून जायलाच बघत नाही. कसंबसं एकदा नेते. विचारलं तर म्हणते, माझ्या बहिणीच्या अंगात रक्त नव्हतं, मग माझं रक्त धुऊन काय करायचंय? मी मारली तिला."

रमाबाईची धाकटी बहीण लक्ष्मी. दोघी बाळकुमातच दिलेल्या, दोघी एकाच वेळी पोटुशी, दोघी आमच्या अभ्यासात. लक्ष्मी बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

"तुम्हाला हे माहीत नसणार," वैशाली म्हणाली. "मावशीने आईला चारचौघींत 'बाईंची चमची' म्हटलेलं. बाई म्हणजे तुम्ही. आईला राग आला, ती दोन बुधवार तिच्या घरी गेलीच नाही. वहीत मात्र बरोबरची खूण करून टाकली, तुमचा ओरडा नको म्हणून. पुढे महिन्याभरात मावशी गेली. आईच्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलंय, की त्या दोन गोळ्या चुकल्या म्हणून ती गेली."

मला खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्या वहीतल्या खुणा आम्ही डोळे झाकून खऱ्या मानल्या होत्या.

"मॅडम, मी फार्मसी केलीय. असल्या अभ्यासात अर्ध्यांना खरी गोळी असते, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग मावशीला कुठली होती? ती दुसरी असेल ना, तर मला आईला एवढंच सांगायचंय, की तू गेली असतीस तरी फरक पडला नसता. ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही आजही तिच्या बोलण्यात असता."

आता बघा. उत्तर माझ्या बेडरूममधल्या कपाटात, निळ्या फाइलीत होतं. कुठल्या नंबरला कुठली गोळी याची यादी. आणि यादी काढायची तरी काय गरज? लक्ष्मीचा नंबर सत्याहत्तर. सत्याहत्तरला खडूची भुकटी, वरून लाल लेप. हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं ते.

मी म्हटलं, "जुने कागद आहेत गं. शोधावे लागतील."

ती गेल्यावर मी सलिलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हणजे, जेवढं सांगायचं तेवढं.

यादी खरं तर बाहेरच्या माणसाकडे मोहोरबंद असायला हवी. आमच्याकडे ती माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. सरांची कामाची पद्धतच तशी, एकदा विश्वास टाकला की टाकला. चौथ्या महिन्यात त्यांनी मला रक्ताचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे, आकडे दोन्ही गटांचे वेगवेगळे मांडायला सांगितले. मांडले. लोहाच्या बायका भराभर वर चालल्या होत्या. खडूच्या खाली येत होत्या, आणि काही तर फारच खाली. सत्याहत्तर नंबर सुरुवातीला आठ पॉइंट नऊ होती, ती सहा पॉइंट चारवर आलेली.

मी म्हटलं होतं, "सर, आता सगळ्यांनाच खरी देऊया ना. दिसतंय की स्वच्छ." सरांनी चष्मा काढला, पुसला. "चित्रा, सहा महिने लिहून दिलेत आपण. चार महिन्यांवर थांबलो तर हा अभ्यास कुणी मानणार नाही. मग ही गोळी कुणालाच मिळणार नाही. आणि या बायकांना आपण यायच्या आधी काय मिळत होतं? काहीच नाही. आपण त्यांचं काढून काय घेतलं?"

मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. काढून घेतलं होतंच की! सरकारी दवाखान्यातून कधीमधी गोळ्या यायच्या. 'अभ्यासात आहात तोवर दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही' हा नियम आम्हीच घातला होता, आणि रमाबाईच्या तोंडून घरोघर सांगितलाही होता. मी मात्र मूग गिळून बसले. पाच आठवड्यांनी लक्ष्मी गेली. छापून आलेल्या शोधनिबंधात तिच्याविषयी एक शब्द नाही. 'अकरा स्त्रिया गाव सोडून गेल्याने अभ्यासातून वगळल्या' असं एक वाक्य आहे. त्या अकरांतली अकरावी लक्ष्मी. सरांनी ते वाक्य सांगितलं आणि मी टाइप केलं.

सलिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, तू त्यांना जरूर सांग. मी नको म्हणतच नाही. पण समारंभानंतर. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. आत्ता हे बाहेर पडलं तर बाबांचं आयुष्यभराचं काम एका रात्रीत मातीत जाईल. त्यात त्यांच्याइतकंच तुझंही आहे."

शेवटचं वाक्य त्याने बरोबर जागी मारलं. तो वाईट मुलगा नाही. पण 'बाहेर पडेल' ही त्याची सबब होती हे मला तेव्हाही कळत होतं. रमाबाई काय वर्तमानपत्रात जाणार होती? एका आजारी बाईच्या कानात एक वाक्य सांगायचं होतं. डोंबिवलीहून विठ्ठलवाडी, रिक्षाने पाऊण तास. मी शेपूट घातली, दुसरं काही नाही.

वैशालीचे दोन फोन आले. पहिल्यांदा मी म्हटलं, शोधतेय. दुसऱ्यांदा म्हटलं, ट्रस्टच्या ऑफिसात विचारलंय. ती म्हणाली, "मॅडम, कालही गेली नाही ती. पाय सुजलेत. जमलं तर लवकर बघा ना." मी म्हटलं, हो गं, हो. फोन ठेवला आणि भाषणाचे कागद पुन्हा पुढ्यात ओढले. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

समारंभ झकास झाला. सभागृह भरलेलं, पुतळ्याला हार, पहिल्या रांगेत मोठमोठी माणसं. मी बोलले. छान बोलले, हेच तर दुखणं आहे. सर बाळकुमच्या चिखलातून पँट दुमडून कसे चालायचे ते सांगितलं. एका गरोदर बाईची जड पाटी त्यांनी स्वतः कशी उचलून घरापर्यंत नेली ते सांगितलं. सगळं खरं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्टेजवरून उतरताना एका तरुण डॉक्टर मुलीने माझ्या पाया पडून विचारलं, "मॅडम, त्या काळात बायकांची परवानगी कशी घ्यायचात?" मी म्हटलं, "विश्वास होता गं तेव्हा." तिने ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विठ्ठलवाडीला गेले.

तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला, मला बघवेना, सरांच्या सहीचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलेलं. 'श्रीमती रमाबाई ओव्हाळ यांनी अत्यंत निष्ठेने.' रमाबाई पलंगावर उशीला टेकून बसली होती. पिशवी खांद्यावर टाकून माझ्या पुढे धावणारी ती बाई एवढीशी झालेली. चेहरा मात्र फुगलेला.

"अगं बाई! बाई, तुम्ही आलात! वैशे, खुर्ची दे, पंखा वाढव." मग माझ्याकडे निरखून म्हणाली, "केस पार पिकले की तुमचे."

"तुझे काय काळे राहिलेत?" मी म्हटलं, आणि दोघी हसलो. हसताना तिला धाप लागली. मला आणखी थांबवेना.

"रमाबाई, मी एक सांगायला आलेय. लक्ष्मीच्या डबीत औषध नव्हतंच. खडू होता. अर्ध्या बायकांना खडू होता, त्यात ती होती. ते दोन बुधवार तू गेली असतीस, नसतीस, काही म्हणजे काही फरक पडला नसता."

"खडू?"

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही गं. तुझ्यामुळे नाही."

तिने पदर तोंडात कोंबला आणि मोठ्याने रडायला लागली. वैशाली धावली, पाठीवरून हात फिरवायला लागली. "चाळीस वर्षं, बाई," रमाबाई मधेच म्हणत होती, "चाळीस वर्षं तिच्या नवऱ्यासमोर उभी नाही राहिली मी. त्याच्या दुसऱ्या बायकोच्या पोराच्या हळदीला नाही गेली. समोरून येताना दिसला तर गल्ली बदलायची." वैशालीच्याही डोळ्यांना धारा. तिने माझा हात दाबला. मीसुद्धा रडत होते, आणि मला खरंच हलकं वाटत होतं. वाटलं, उशिरा का होईना, केलं बाई आपण.

तेव्हाच उठायला हवं होतं मी.

रमाबाईने डोळे पुसले. शांत झाली. चार घोट पाणी प्यायली. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तीन आठवडे बोलून झालं होतं. "हो. यादी माझ्याकडेच होती."

"आणि माझ्या डबीत? मीपण होतीच की तुमच्या अभ्यासात. ही पोटात होती." तिने वैशालीकडे बोट केलं. "खडूच ना?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सलिलला नाही, सरांना तर नाहीच. इथे लिहितानाही वर टाळून आले. यादीत रमाबाईलाही खडूच आला होता. चौथ्या महिन्यात सरांच्या खोलीतून बाहेर आले, दार लावून घेतलं, आणि तिची डबी रिकामी करून तिच्यात खऱ्या गोळ्या भरल्या. रंग एक, आकार एक, कुणाला पत्ता लागला नाही. मला वाटायचं, सगळ्या पापात हे एक तरी पुण्य आपल्या नावावर आहे.

"खडूच होता," मी म्हटलं. "पण मी बदलला. शेवटचे दोन महिने तुला खरी गोळी मिळाली. सरांना न सांगता केलं मी."

"का?"

"तू दिवसभर उन्हातान्हात फिरायचीस. डोळ्यांसमोर होतीस माझ्या. तुला काही झालं असतं तर..." मी ततपप करायला लागले. तुला काही झालं असतं तर बुधवारी घरोघर कोण गेलं असतं, हेही त्यात होतं. निम्मं माया, निम्मं काम. कुठलं किती, देव जाणे.

"म्हणजे माझी पोरगी तुमच्यामुळे," ती हळू म्हणाली. मी मान खाली घातली. मला वाटलं आता ती आभार मानणार, आणि ते कसे ऐकून घ्यायचे या विचारात मी होते.

"आणि लक्ष्मीची?"

"काय?"

"लक्ष्मीची का नाही बदललीत? ती माझी बहीण, ठाऊक होतं तुम्हाला. तिचं रक्तपण तुम्हीच तपासलेलं."

"एकीची बदलली तर खपून जाईल असं वाटलं, रमाबाई. दोघींची बदलली असती तर आकड्यांत दिसलं असतं. सरांनी पकडलं असतं. माझी हिंमत झाली नाही."

हे खरं होतं. हेच उत्तर मी चाळीस वर्षं स्वतःला देत आले होते, आणि मला ते पुरत आलं होतं.

रमाबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, रागावर बोलता येतं मला. तिने फक्त नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"तिची बदलायची कशाला होती, बाई? मला नुसतं सांगायचं होतंत. माझ्यातली अर्धी तिला दिली असती."

सरांचं ऐकायचं नाहीतर गुपचूप डबी बदलायची, याखेरीज तिसरं काही मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. सांगायचं, त्या बाईला सांगायचं, हे डोक्यात आलंच नाही. सरांच्याही नाही, माझ्याही नाही. ती दर बुधवारी माझ्यासमोर बसून डबा खायची. भाकरीबरोबर आणलेल्या चटणीतली अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवायची, न विचारता.

"आणि भांडणबिंडण काही नव्हतं तेवढं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "सांगितलं असतंत तर त्याच दुपारी गेली असती मी तिच्याकडे."

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी हाक मारली. परत मारली. वैशालीने तिच्या अंगावर चादर ओढली आणि वाकून विचारलं, "आई, उद्या जायचं ना डायलिसिसला? आता तर कळलं ना सगळं? जायचं ना, आई?"

रमाबाईने चादर डोक्यावरून ओढून घेतली. वैशाली थोडा वेळ तशीच वाकून थांबली, मग सरळ झाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तुम्ही निघा आता."